धूर आला की कूलर लावा? मुळीच लावू नका

‘अमेरिकेतल्या वाळवंटी भागात मुलांकडे उन्हाळा काढायला जाणाऱ्यांसाठी सात सूचना’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतोय. फिनिक्स, टूसॉन, लास व्हेगास, रेनो, सॉल्ट लेक सिटी अशी गावांची नावं घालून तो अगदी माहितगार माणसाने लिहिल्यासारखा सजवलाय. आमच्या घरातल्या सत्तरी ओलांडलेल्या मंडळींनी तो वहीत उतरवून घेतला, तेव्हा गप्प बसणं शक्य नव्हतं. सूचनांच्या क्रमाने जात नाही. जी सगळ्यात घातक, तिथूनच सुरुवात करतो.

सूचना तिसरी: ‘वणव्याचा धूर आला तर कूलर फुल स्पीडवर लावा, खिडकी थोडी उघडी ठेवा. पाण्यातून आलेली हवा धुऊन निघते.’

हे साफ खोटं आहे. त्या भागातल्या बऱ्याच जुन्या घरांच्या छपरावर मोठा कूलर बसवलेला असतो आणि डक्टमधून तो खोल्यांत हवा सोडतो. एसी घरातलीच हवा फिरवून थंड करतो. कूलर मात्र सगळी हवा बाहेरून ओढतो आणि ती उघड्या खिडकीतून बाहेर ढकलतो. नीट मापाचा कूलर घरातली सगळी हवा दोन-तीन मिनिटांत बदलतो. बाहेर धूर असेल तर दर दोन-तीन मिनिटांनी घर नव्याने धुराने भरतं.

मग पाण्याने धूर धुतला जात नाही का? कूलरचं पॅड वुडवूलचं असो की हनीकोंबचं, त्यातली भोकं नुसत्या डोळ्यांना दिसतात. मोठी धूळ आणि परागकण त्यात अडकतात, एवढं मान्य. टाकीतलं पाणी गढूळ झालेलं पाहून लोकांची खात्री पटते ती त्यामुळेच. पण धुरातले जे कण फुप्फुसात खोलवर जातात ते बहुतेक एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, म्हणजे अंदाज येईल. हे कण हवेच्या प्रवाहाबरोबर ओल्या तंतूंना वळसा घालून सरळ आत येतात. पीएम २.५ म्हणतात ते हेच, आणि अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने, ईपीएने, धुराच्या दिवसांत कूलर टाळायला सांगितलंय ते याच कारणाने. कूलरशिवाय भागतच नसेल तर हवा आत घेणाऱ्या तोंडावर बाहेरून मर्व्ह १३ दर्जाचे फिल्टर लावावेत (फिल्टर किती बारीक कण अडवतो, ते मर्व्हच्या आकड्यावरून कळतं), असंही ती संस्था सुचवते. फिल्टरमुळे हवेचा जोर कमी होतो आणि घर पूर्वीइतकं गार होत नाही, हे धरून चाला.

आणखी एक गोष्ट मेसेज लिहिणाऱ्याच्या ध्यानात आलेली नाही. जुलैत दक्षिणेकडून दमट वारे आले की कूलर धूर नसतानाही लंगडा पडतो. बाहेर ४० अंश सेल्सिअस आणि १० टक्के आर्द्रता असेल तर चांगला कूलर २२ अंशांच्या आसपास हवा देतो. तेच ४० अंश आणि ३० टक्के आर्द्रता झाली की तीच हवा २८ अंशांच्या घरात येते. ॲरिझोनात १५ जून ते ३० सप्टेंबर हा मॉन्सूनचा काळ धरतात. म्हणजे आकाशातल्या विजा, वणवा आणि दमटपणा एकाच हंगामात येतात, आणि कूलरचा भरवसा नेमका तेव्हाच उरत नाही.

मग करायचं काय? सेंट्रल एसी असेल तर थर्मोस्टॅटवरचा पंखा ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर ठेवा, म्हणजे थंडावा नको असतानाही हवा फिल्टरमधून फिरत राहील. बाहेरची हवा घेणारा डँपर, म्हणजे झडप, असेल तर तो बंद करा. फिल्टर मर्व्ह १३ चा बसवा, पण आधी यंत्राला तो झेपतो का हे विचारून घ्या. फार दाट फिल्टरने हवा अडली की कॉइलवर बर्फ धरतो आणि भर उन्हाळ्यात एसी बंद पडतो. खिडकीच्या एसीला बाहेरच्या हवेची झडप असते, तीही बंद करा.

हवा शुद्ध करणारं यंत्र (एअर प्युरिफायर) विकत घेणं जमत नसेल तर ते घरी बनवता येतं: २० इंची चौकोनी बॉक्स फॅन, २० बाय २० इंचाचे मर्व्ह १३ चे चार फिल्टर, पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी. चार फिल्टरच्या चार भिंती करायच्या, कडेवरचे बाण आतल्या बाजूला. तळाला पुठ्ठा, वर पंखा, आणि हवा वरच्या दिशेने बाहेर पडली पाहिजे. सगळे सांधे चिकटपट्टीने बंद करायचे. लोक एक गोष्ट हमखास विसरतात: पंख्याच्या चार कोपऱ्यांवर पुठ्ठा लावून मध्ये गोल भोक ठेवायचं. तसं केलं नाही तर कोपऱ्यांतून हवा उलटी आत शिरते आणि उपयोग बराच कमी होतो. पंखा २०१२ नंतरचा, सुरक्षेचा शिक्का असलेला घ्या आणि झोपताना किंवा घराबाहेर जाताना बंद करा. फिल्टर करडा-काळा दिसू लागला की बदला.

अशा दिवशी घरात उदबत्ती, धूप, मेणबत्ती नको. कडकडीत फोडणी आणि तळणही टाळा. बंद घरात त्याचा धूरही तोच त्रास देतो, आणि तो घालवायला एक्झॉस्ट लावला की बाहेरचा धूर फटींतून आत ओढला जातो.

आता खरी अडचण. घरात एसीच नाही, बाहेर ४२ अंश आणि धूरही. खिडक्या बंद केल्या तर घराची भट्टी, उघडल्या तर धूर. इथे क्रम ठरलेला आहे: आधी उष्णता, मग धूर. उष्माघात काही तासांत जीव घेतो. एसी असलेल्या वाचनालयात, मॉलमध्ये, काउंटीच्या (म्हणजे जिल्ह्याच्या) कूलिंग सेंटरमध्ये किंवा ओळखीच्या घरी दिवस काढा. तेही जमलं नाही तर घर तापू देण्यापेक्षा खिडकी उघडलेली बरी. दम्याच्या किंवा हृदयविकाराच्या माणसाने मात्र अशा घरात थांबूच नये.

सूचना पहिली आणि दुसरी: ‘तिथली उष्णता कोरडी असते, ती बाधत नाही. एसीची सवय लावू नका, पंखा पुरतो.’

पहिल्या वाक्यात अर्धं सत्य आहे. तापमान तेवढंच असेल तर कोरड्या हवेत घाम लवकर वाळतो आणि शरीर सहज थंड होतं. ३५ अंशांना हे खरं वाटतंही. पण फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथल्या आरोग्य विभागाने २०२३ या एका वर्षात उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदवले. त्याच वर्षी फिनिक्समध्ये ३० जूनपासून सलग ३१ दिवस दिवसाचं कमाल तापमान ११० फॅरनहाइट, म्हणजे ४३ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त होतं. कोरडी उष्णता बाधत नसती तर हे आकडे आलेच नसते.

कोरड्या हवेत घाम अंगावर दिसत नाही. सदरा कोरडा राहतो, कॉलरवर मिठाचे पांढरे ओघळ तेवढे उमटतात, आणि माणूस समजतो की आपल्याला घामच येत नाही. वय वाढलं की तहानही उशिरा लागते. रक्तदाबासाठी लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर पाणी आणखी झपाट्याने कमी होतं. अशांनी प्रवासाआधीच डॉक्टरांना विचारून घ्यावं. लघवी गडद पिवळी झाली की तहान नसली तरी पाणी प्या. मेसेजमधलं ‘लिंबू-साखर-मीठ घालून पाणी प्या’ हे तेवढं ठीक आहे. तासन्‌तास चालताना नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं. ग्रँड कॅन्यनमध्ये उतरणाऱ्यांना हा त्रास होतो, म्हणून पाण्याबरोबर खारं काहीतरी खायला सांगतात.

पंख्याचं म्हणाल तर सिडनी विद्यापीठातल्या संशोधकांनी नेमकं हेच तपासलं. २०१९ मध्ये ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. ४० अंश आणि दमट हवेत पंख्याचा फायदा झाला. ४७ अंश आणि १० टक्के आर्द्रतेत मात्र पंख्यासमोर बसलेल्यांच्या शरीराचं आतलं तापमान आणि हृदयावरचा ताण, दोन्ही वाढले. कारण सरळ आहे. त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. त्याहून बऱ्याच गरम हवेचा झोत लागला की ती हवा अंगाला उष्णता देते. कोरड्या हवेत घाम तसाही लगेच वाळत असतो, त्यामुळे पंख्याने वेगळा थंडावा मिळत नाही. म्हणजे ज्या वाळवंटासाठी हा मेसेज लिहिलाय, नेमकं तिथेच पंखा उलटा पडतो. अंग आणि कपडे पाण्याने ओले करून पंख्यासमोर बसणं वेगळं, त्याचा उपयोग होतो.

माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला, अंग चटके बसावेत इतकं तापलं, तर तो उष्माघात समजा, घाम येत असला तरीही. ९११ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत थंड पाण्याने अंग भिजवत राहा. मान, काख आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका. पॅरासिटॅमॉलचा इथे काही उपयोग नाही, हा ताप तापाच्या गोळीचा नव्हे.

सूचना चौथी: ‘ओला रुमाल नाकाला बांधा आणि गूळ खा.’

रुमालाच्या विणीतून हे कण आरपार जातात, आणि ओला केल्याने वीण बारीक होत नाही. एन-९५ मास्क लागतो, दोन्ही पट्ट्यांचा, नाकाची पट्टी दाबून बसवलेला. दाढी असेल तर कडेने गळतो. वायू तोही अडवत नाही, पण कण अडवतो. गुळाबद्दल एवढंच: खाल्लेलं अन्ननलिकेत जातं, फुप्फुसात नाही.

‘पहाटे फिरून या, हवा शुद्ध असते’ हेही याच सूचनेत घुसडलंय. उष्णतेपुरतं पहाटे फिरणं योग्यच. पण डोंगरांनी वेढलेल्या खोऱ्यात, रेनोत किंवा सॉल्ट लेकच्या खोऱ्यात, रात्री थंड हवा तळाशी बसते आणि धूर तिच्यातच कोंडतो. मग पहाटेच तो सगळ्यात दाट असतो आणि ऊन चढल्यावर वर उचलला जातो. घड्याळ बघून निघू नका, एअरनाऊ या हवेच्या दर्जाची माहिती देणाऱ्या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर जवळच्या केंद्राचा आकडा बघा. एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा निर्देशांक, १५० च्या वर असेल तर धडधाकट माणसानेही फेरी रद्द करावी. ज्येष्ठ, गरोदर बायका आणि लहान मुलांनी तो १०० च्या वर गेला की घरातच थांबावं.

सूचना पाचवी: ‘ढग आले की काळजी मिटली, पावसाने वणवा विझतो.’

तिथे ढगाचा तळ कित्येकदा जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर वर असतो. पावसाच्या सरी खाली लोंबताना दिसतात आणि जमिनीवर पोचण्याआधीच कोरड्या हवेत आटून जातात. वीज मात्र पडते आणि वाळलेल्या झुडपांत नवी आग लावते. थेंब आटताना हवा गार आणि जड होते, वेगाने खाली आपटते आणि चहूकडे पसरते. काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरते. ॲरिझोनातला यार्नेल हिलचा वणवा २८ जून २०१३ रोजी विजेनेच लागला होता. ३० जूनला जवळच्या वादळातून सुटलेल्या वाऱ्याने आगीचं तोंड फिरवलं आणि ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स या पथकातले १९ प्रशिक्षित अग्निशामक त्यात गेले. वणव्याजवळ ढगांचा गडगडाट ऐकू आला तर सामान गाडीत भरायची ती वेळ आहे.

सूचना सहावी: ‘विजा चमकताना मोबाइल बंद करा. गाडीचे टायर रबराचे असल्याने गाडीत धोका नाही. उघड्यावर असाल तर जमिनीवर आडवे पडा.’

मोबाइलने वीज ओढली जात नाही. तो चालू ठेवा, मदत मागायला लागेल. गाडीत वाचतो हे खरं, कारण मात्र चुकीचं: वीज पत्र्याच्या टपावरून बाहेरच्या बाजूने जमिनीत जाते. म्हणून काचा वर हव्यात, धातूला हात नको, आणि कापडी टपाच्या गाडीचा किंवा गोल्फ कार्टचा भरवसा नको. आडवं पडणं तर अगदी चूक. जवळ पडलेल्या विजेचा प्रवाह जमिनीतून पसरतो आणि अंग जितकं जमिनीला टेकलेलं तितका धोका जास्त. गडगडाट ऐकू आला की पक्क्या घरात किंवा गाडीत जा आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबा. डोंगरावर जायचं असेल तर दुपारच्या आत माथ्यावरून उतरलेलं असावं.

सूचना सातवी: ‘हायवेवर धुळीचं वादळ आलं तर पार्किंग लाइट लावून कडेला थांबा. कोरड्या नदीपात्रात गाडी लावली तर वारा लागत नाही.’

पहिला भाग अपघाताला बोलावणं आहे. धुळीत मागचा चालक पुढच्या लाल दिव्याला धरून चालवतो आणि थांबलेल्या गाडीवर येऊन आदळतो. रस्ता सोडून जमेल तितकं दूर जा, सगळे दिवे बंद करा, हॅझार्डसुद्धा. हँडब्रेक ओढा आणि ब्रेकच्या पॅडलवरून पाय काढा, नाहीतर मागचा लाल दिवा लागलेलाच राहील. सीटबेल्ट सोडू नका.

कोरड्या पात्रात थांबणं त्याहून वाईट. १२ ऑगस्ट १९९७ रोजी ॲरिझोनात पेज गावाजवळच्या अँटिलोप कॅन्यनमध्ये ११ पर्यटक वाहून गेले. पाऊस लांब वरच्या बाजूला झाला होता. खडकाळ, भाजलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही, आणि वणव्याने जळालेल्या उतारावर तर राख, दगड आणि ओंडक्यांसह लोंढा येतो. १५ सेंटिमीटर वाहतं पाणी मोठ्या माणसाला पाडतं, ३० सेंटिमीटर लहान गाडी वाहून नेतं, ६० सेंटिमीटरमध्ये एसयूव्हीही टिकत नाही. रस्त्यावरून पाणी वाहत असेल तर गाडी वळवा. आणि पुरामुळे लावलेलं बॅरिकेड ओलांडून कुणी अडकला, तर सुटकेचा खर्च त्याच्याकडूनच वसूल करण्याची तरतूद ॲरिझोनाच्या कायद्यात आहे.