'शंभरांत जमतं, लाखांत नाही' हे खरं नाही

गेले काही दिवस एक लांबलचक संदेश फिरतोय. मला तो एकाच दिवशी तिघांनी पाठवला, त्यातले दोघे आरोग्यक्षेत्रातलेच. सांगणं थोडक्यात असं: बीपी, शुगर हे ज्याच्या त्याच्या सवयींचे आजार आहेत. त्यावरचे सार्वजनिक कार्यक्रम शंभर जणांच्या प्रयोगात छान दिसतात, लाखांवर नेले की कोलमडतात. एवढे डॉक्टर नाहीत. जन्मभर गोळ्या कोण पुरवणार? आणि तपासण्या वाढवून फक्त रोग्यांचा आकडा फुगतो.

वाचून राग आला. यातलं एक वाक्य बरंचसं खरं आहे आणि त्याच्या आडोशाने बाकीची चार खपवली जातात. एकेक घेते.

'ज्याच्या त्याच्या सवयींचे आजार.' सवयी आहेतच, पण त्या घडतात कुठे? १९७२ साली पूर्व फिनलंडमधल्या नॉर्थ करेलिया भागात ऐन उमेदीतले पुरुष हृदयविकाराने मरत होते. पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरच्या पथकाने तिथे काम सुरू केलं. उपदेश झालाच, पण सॉसेज बनवणाऱ्यांनाही मीठ आणि चरबी कमी करायला पटवलं गेलं, कमी स्निग्धांशाचं दूध दुकानात येईल हे पाहिलं गेलं, बायकांच्या संघटनांना हाताशी धरून रोजचा स्वयंपाक बदलला गेला. पाच वर्षांनी हेच काम देशभर नेलं. चार दशकांत त्या भागातल्या कामकरी वयाच्या पुरुषांचे हृदयविकाराने होणारे मृत्यू ८० टक्क्यांहून अधिक घटले. सगळं श्रेय एका प्रकल्पाला देता येणार नाही, पुढे उपचारही सुधारले. पण एवढ्या माणसांची इच्छाशक्ती अचानक वाढली, असं तर कुणी म्हणणार नाही ना? ब्रिटनमध्येही २००३ नंतर तयार खाद्यपदार्थांतलं मीठ थोडं थोडं कमी करत नेलं. २०११ पर्यंत माणशी रोजचं मीठ सुमारे ९.५ ग्रॅमवरून ८.१ वर आलं. खाणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते जाणवलंही नाही.

'मोठं केलं की कोलमडतं.' यावर जरा थांबायला हवं, कारण जाणती माणसंही इथे मान डोलावतात. अमेरिकेत उत्तर कॅलिफोर्नियामध्ये कैसर परमनंटे ही आरोग्यसंस्था आहे. २००१ मध्ये तिच्या उच्च रक्तदाबाच्या नोंदवहीत साधारण साडेतीन लाख माणसं होती आणि त्यांच्यापैकी जेमतेम ४४ टक्क्यांचा रक्तदाब आटोक्यात होता. २००९ मध्ये नोंदवहीत साडेसहा लाख माणसं झाली आणि आटोक्यात असलेल्यांचं प्रमाण ८० टक्के झालं. म्हणजे माणसं जवळपास दुप्पट झाली आणि निकालही तेवढाच सुधारला. केलं काय? सगळ्यांची एकच नोंदवही. कोणती गोळी आधी, कोणती नंतर, याची एकच साधी पद्धत. दोन औषधं एकाच गोळीत. दर केंद्राला त्याचा स्वतःचा निकाल ठरावीक काळाने दाखवायचा. आणि औषध बदललं की दोन ते चार आठवड्यांत फक्त बीपी मोजायला बोलवायचं, मोजणार डॉक्टर नव्हे तर मदतनीस, आणि त्या भेटीचे पैसे घ्यायचे नाहीत. यातली एकही गोष्ट माणसं वाढली म्हणून बिघडणारी नाही. नोंदवहीचा खरा उपयोग तर माणसं डोक्यात मावेनाशी झाल्यावरच सुरू होतो.

ती श्रीमंत देशातली संस्था, हा आक्षेप रास्त आहे. त्याचं उत्तर पुढच्या मुद्द्यात येतं.

'एवढे डॉक्टर कुठून आणणार?' आणायचेच नाहीत. चीनच्या ग्रामीण भागात ३२६ गावांतल्या सुमारे ३४ हजार लोकांवर चाचणी झाली. निम्म्या गावांत तिथल्याच आरोग्यसेवकांना प्रशिक्षण दिलं, डॉक्टरांच्या देखरेखीखाली ठरलेल्या पद्धतीने औषध सुरू करायची आणि वाढवायची मुभा दिली, औषधं फुकट किंवा सवलतीत पुरवली. हे आरोग्यसेवक म्हणजे पूर्ण शिकलेले डॉक्टर नव्हेत. दीड वर्षाने त्या गावांत ५७ टक्के लोकांचा रक्तदाब १३०/८० च्या खाली होता, बाकीच्या गावांत २० टक्के लोकांचा. तीन वर्षांनी हृदयविकार आणि पक्षाघाताचं प्रमाण तिथे सुमारे एक तृतीयांशाने कमी भरलं. बांगलादेश, पाकिस्तान आणि श्रीलंकेतल्या ग्रामीण चाचणीतही घरोघर जाणाऱ्या आरोग्यसेविकांच्या कामाने रक्तदाब उतरला होता.

'जन्मभर गोळ्या कोण पुरवणार?' एचआयव्हीच्या बाबतीत हाच प्रश्न विचारून झाला आहे. घड्याळ न वापरणारी माणसं वेळेवर गोळ्या घेणार नाहीत, असं तेव्हा जबाबदार पदावरच्या लोकांनी गंभीरपणे म्हटलं होतं. २००३ च्या अखेरीस गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत जेमतेम ४ लाख लोकांना औषध मिळत होतं. २०२३ च्या अखेरीस जगभरात ३ कोटींहून अधिक लोक ते घेत होते. औषधाचा वर्षाचा खर्च माणशी १० हजार डॉलरच्या घरातून १०० डॉलरच्या खाली आला. बीपीच्या अॅम्लोडिपिनचं किंवा शुगरच्या मेटफॉर्मिनचं पेटंट तर केव्हाच संपलंय.

आता ते खरं वाक्य: तपासण्यांनी आकडा फुगतो. डेन्मार्कमध्ये १९९९ मध्ये सुरू झालेल्या एका मोठ्या चाचणीत सुमारे ६० हजार माणसांपैकी साडेअकरा हजारांहून थोड्या अधिक जणांना तपासणी आणि सल्ल्यासाठी बोलावलं. दहा वर्षांनी हृदयविकाराच्या प्रमाणात बोलावलेल्या आणि न बोलावलेल्या गटांत फरक दिसला नाही. हे मी लपवणार नाही.

माझ्या आत्याला एका शिबिरात 'बीपी जास्त आहे' म्हणून सांगितलं होतं. छापील कागदावर पेनने १७८/१०४ लिहिलेलं, खाली 'डॉक्टरांना दाखवा'. तिने तो कागद चार घड्या घालून कपाटात साड्यांखाली ठेवला. दीड वर्षाने तिचा उजवा हात आणि वाचा गेली, तेव्हा कागदपत्रं शोधताना तो आम्हाला सापडला. शिबिराच्या हिशेबात ती 'तपासणी पूर्ण' मध्ये मोजली गेली असणार.

म्हणून संदेशातलं हे वाक्य मला मान्य आहे, त्यातून काढलेला निष्कर्ष मान्य नाही. २०१९ मध्ये जगात ३० ते ७९ वयोगटात सुमारे १२८ कोटी लोकांना उच्च रक्तदाब होता. जवळपास निम्म्यांना ते ठाऊकच नव्हतं, आणि आटोक्यात असलेले पाचात एक. निदान आणि नियंत्रण यांच्यामधल्या खाईत माणसं पडतात. तिथे पूल बांधायचा की निदानच बंद करायचं?

पूल फार साधा असतो. एका छोट्या आरोग्यकेंद्रात मी तो पाहिलाय: पुठ्ठ्याची पेटी, आत महिन्यांचे कप्पे, दर रुग्णाचं एक कार्ड. माणूस आला की नर्स त्याला पाठ टेकवून पाच मिनिटं गप्प बसवते, हात टेबलावर ठेवायला लावते, मोजते, आकडा कार्डावर लिहिते आणि कार्ड पुढच्या महिन्याच्या कप्प्यात सरकवते. महिना संपला की मागच्या कप्प्यात उरलेली कार्डं म्हणजे न आलेली माणसं. त्यांना फोन जातो, फोन नसेल तर कुणीतरी घरी जाऊन येतं. हेच मोबाइलवरच्या अॅपमध्येही करतात आणि लाखांसाठी करतात.

'इतके लाख तपासण्या झाल्या' अशी बातमी आली की मी आता एकच विचारते: ज्यांना बीपी निघालं, त्यांच्यापैकी गेल्या तीन महिन्यांत किती जण परत आले आणि त्यातल्या किती जणांचं १४०/९० च्या खाली होतं?

आत्याचं कार्ड अशा एखाद्या पेटीत असतं, तर दुसऱ्याच महिन्यात ते मागे उरलेलं कुणाला तरी दिसलं असतं.