पुट्टीच्या रंगाची गाडी नको रे बाबा!

कुणाच्या भावना दुखावणार असतील तर आधीच माफी मागते, पण आता अगदीच राहवत नाहीये. सिग्नलला थांबले की पुढे करडी एसयूव्ही, शेजारी पांढरी एसयूव्ही, आरशात काळी एसयूव्ही. तिघींचे लोगो झाकले तर कोणती कुठल्या कंपनीची हे त्यांच्या मालकांनाही छातीठोकपणे सांगता येणार नाही. सिग्नल सुटतो, डावीकडून एक मध्येच घुसते, आणि ती पुन्हा करडीच असते!

मलाच तसं दिसतंय की खरंच तसं आहे, म्हणून आकडे शोधले. अ‍ॅक्सल्टा नावाची गाड्यांचे रंग बनवणारी एक मोठी कंपनी आहे, ती दरवर्षी कोणत्या रंगाच्या किती गाड्या बनल्या ते जाहीर करते. त्यांच्या २०२२ च्या अहवालात जगभरात ३४ टक्के गाड्या पांढऱ्या, २१ टक्के काळ्या, १९ टक्के करड्या आणि ८ टक्के चंदेरी. करा बेरीज. ब्याऐंशी! उरलेल्यात निळ्या ८ आणि लाल ५. हिरवा, पिवळा, केशरी, तपकिरी, जांभळा या सगळ्या मंडळींनी मिळून काय ते राहिलेल्या पाच टक्क्यांत दाटीवाटीने बसायचं. अमेरिकेतल्या आयसीकार्स या गाड्यांच्या खरेदी-विक्रीच्या संकेतस्थळाच्या पाहणीत तर २००४ मध्ये अशा बिनरंगी गाड्या साधारण ६० टक्के होत्या, त्या २०२३ पर्यंत ८० टक्क्यांवर गेल्या. म्हणजे आधी रस्ते जास्त रंगीत होते ही माझी म्हातारपणाची कुरकुर नाही.

आकाराचंही तेच. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२३ मध्ये जगात विकल्या गेलेल्या गाड्यांपैकी ४८ टक्के एसयूव्ही होत्या. कारणं मला कळतात. पादचाऱ्याला धडक बसली तर डोकं थेट इंजिनावर आपटू नये म्हणून बॉनेट उंच झालं. वारा कापायचा म्हणून सगळ्यांनी तोच उतार घेतला. एकाच सांगाड्यावर चार-पाच गाड्या बसवल्या की खर्च वाचतो. फोक्सवॅगनने २०१२ मध्ये एमक्यूबी नावाचा असा सांगाडा आणला आणि लहान हॅचबॅकपासून मोठ्या कुटुंबाच्या गाडीपर्यंत किती काय त्यावर उभं केलं. सगळं मान्य. पण छोट्या गाडीतून या उंच गाड्यांच्या मागे अर्धा तास काढून बघा. पूर्वी पुढच्या गाडीच्या काचेतून आरपार त्याच्याही पुढचा रस्ता दिसायचा, कुणी ब्रेक मारला की आपला पाय आपोआप तयार व्हायचा. आता दिसते फक्त डिकी. आणि रात्री तीच गाडी मागे आली की तिचे दिवे बरोबर आपल्या आरशात.

साध्या, ढिगाने खपणाऱ्या गाड्यांवर माझा राग नाही बरं का. टोयोटाची कोरोला १९६६ पासून विकली जातेय, आकडा पाच कोटींच्या पुढे गेला, आणि तिने कधी आव आणला नाही. नेऊन आणते, बंद पडत नाही, विषय संपला. मला वैताग येतो तो आव आणणाऱ्यांचा. परवा पार्किंगमध्ये एका चकचकीत एसयूव्हीच्या मागे उभी होते. बंपरमध्ये दोन्ही बाजूंना सायलेन्सरची रुंद, क्रोमची तोंडं. सहज वाकून बघितलं तर आत दोन बोटांवर काळ्या प्लास्टिकची भिंत! खरा सायलेन्सर खाली, बारीकसा, मान खाली घालून जमिनीकडे तोंड करून बसलेला. चाकांभोवती जंगलात जायचं म्हणून काळं प्लास्टिक, आणि टायर मात्र असे की ओल्या गवतावरही घसरतील. ही गाडी कुणाला फसवतेय? मालकाला तर माहीतच आहे.

चालवणाऱ्यांवरून गाडीला नावं ठेवणं मात्र मला पटत नाही. म्हणजे पटत नव्हतं. फिनलंडमध्ये हेलसिंकी विद्यापीठाच्या संशोधकांनी १,८९२ गाडीमालकांना स्वभावाविषयी प्रश्न विचारले. २०२० मध्ये निकाल छापून आला: हेकेखोर, वाद घालणारे, दुसऱ्याची फिकीर नसणारे पुरुष ऑडी, बीएमडब्ल्यू किंवा मर्सिडीज बाळगण्याची शक्यता जास्त. त्याच अभ्यासात असंही निघालं की नीटनेटक्या, जबाबदार स्वभावाची माणसंही भारी गाड्यांकडे वळतात, पण ते कोण लक्षात ठेवतो! मागून डिपर मारत कुणी आलं की मला पहिला भागच आठवतो.

असो. रंगांवर येते.

पांढऱ्याला मी माफ केलंय. एकेकाळी तो डिलिव्हरी व्हॅनचा आणि रुग्णवाहिकेचा रंग होता, पण त्याच्या बाजूने एक खणखणीत मुद्दा आहे. कॅलिफोर्नियाच्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेने काळी आणि चंदेरी अशा दोन सारख्या गाड्या उन्हात लावून बघितल्या. फिक्या गाडीतली हवा ५ ते ६ अंशांनी थंड निघाली. उन्हात तापलेलं स्टिअरिंग ज्याने धरलंय त्याला जास्त समजावून सांगायला नको. पांढऱ्यावर धूळही पटकन कळत नाही. कंटाळवाणा आहे, पण कामाचा आहे. चंदेरीचंही तसंच, आणि तो तर आता मागेच पडलाय. काळा? धुतल्यावर पंधरा मिनिटं राजा. मग फडक्याचा प्रत्येक गोल ओरखडा उन्हात चमकतो आणि मालक आयुष्यभर पॉलिश करत बसतो. त्याची शिक्षा त्याला मिळतेच आहे, आपण वेगळं काय बोलायचं.

माझं खरं भांडण आहे ते त्या नव्या, सपाट, चमक नसलेल्या करड्या रंगाशी. ओळखलात ना? गॅरेजमध्ये ठोकलेलं दार सरळ करून, पुट्टी घासून, प्रायमर मारून गाडी दोन दिवस बाजूला लावून ठेवतात, अगदी तशी दिसते ती. आता पुढचा हात मारतील, मग रंग येईल, असं वाटत राहतं. येत नाही. तोच रंग! साध्या मेटॅलिक रंगात धातूचे बारीक कण असतात, त्यामुळे गाडीच्या वळणांवर उजेड खेळतो, खांद्याची रेघ दिसते, दाराचा फुगवटा दिसतो. या सपाट करड्यात ते कण नाहीत. कारागिरांनी मातीच्या मॉडेलवर महिनोन्महिने घासून काढलेली वळणं त्या रंगाखाली गुडूप होतात. ऑडीने आपल्या वेगवान गाड्यांवर 'नार्दो ग्रे' आणला तेव्हा ते निदान शोभत होतं. ते नाव इटलीतल्या नार्दोच्या १२.६ किलोमीटरच्या गोल चाचणी ट्रॅकवरून घेतलेलं. तिथून हा रंग उतरत उतरत आता मुलांना शाळेत सोडणाऱ्या हॅचबॅकवर येऊन बसलाय. वेग मागेच राहिला, पुट्टी तेवढी आली.

आणि नुसता दिसण्याचा प्रश्न असता तर मी एवढी पोस्ट लिहिली नसती. पाऊस पडत असतो, डांबर करडं, आभाळ करडं, पुढच्या टायरमधून उडणारा पाण्याचा धूर करडा, आणि त्यात एक करडी गाडी. मागचे दिवे बंद! चालवणाऱ्याचा दोष आहेच, पण पूर्ण त्याचाही नाही. पूर्वी हेडलाइट लावल्याशिवाय डॅशबोर्ड उजळत नसे, अंधारून आलं की समोरचे काटेच दिसायचे नाहीत आणि हात आपोआप बटणाकडे जायचा. आता डॅशबोर्ड म्हणजे कायम पेटलेला पडदा. त्यात पुढे दिवसा आपोआप लागणारे डीआरएल. युरोपात २०११ पासून नव्या मॉडेलांना ते सक्तीचे झाले, पण सक्ती पुढच्या दिव्यांची. मागचेही लागलेच पाहिजेत असं त्यात नव्हतं. चालवणाऱ्याला समोर उजेड दिसतो, डॅशबोर्ड दिसतो, त्याला वाटतं दिवे लागलेत. मागून येणाऱ्या मला मात्र पाण्याच्या पडद्यात अचानक एक नंबरप्लेट तरंगताना दिसते.

सुरक्षेच्या अभ्यासांत रंगाचा निकाल तसा सरळ लागत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडच्या अपघातांवर २००३ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात चंदेरी गाड्यांना गंभीर इजेचा धोका पांढऱ्यांच्या निम्माच दिसला. चारच वर्षांनी ऑस्ट्रेलियातल्या मोनाश विद्यापीठाने बरेच जास्त अपघात तपासले, तर दिवसा पांढऱ्याच्या तुलनेत काळ्याला १२ टक्के आणि करड्याला ११ टक्के जास्त धोका, आणि चंदेरीही त्याच पंगतीत. चंदेरीचं काय ते तज्ज्ञ बघतील. करड्याबद्दल मला पावसात जे दिसतं ते पुरेसं आहे.

मग लोक घेतात का? विचारलं की एकच उत्तर: "विकताना बरं पडतं." हे वाक्य ऐकलं की माझी सटकते. म्हणजे सात-आठ वर्षं गाडी तुम्ही चालवणार, हप्ते तुम्ही भरणार, धुणार तुम्ही, आणि रंग निवडायचा तो अजून न भेटलेल्या एका अनोळखी माणसाच्या आवडीने! तो अनोळखी माणूसही पुन्हा त्याच्या पुढच्याचा विचार करून करडाच घेणार. शोरूमवालाही त्याच धाकाने पांढऱ्या-करड्याच मागवतो, आणि आपण गेलो की म्हणतो, "मॅडम, पांढरी उद्या देतो, हिरव्याला थांबावं लागेल." घाईतला माणूस पांढरी घेतो. मग कंपनीच्या तक्त्यात दिसतं, बघा, लोकांना पांढरीच आवडते.

गंमत म्हणजे तो विकण्याचा हिशेबही नीट जुळत नाही. त्याच आयसीकार्सने जुन्या गाड्यांच्या किमती रंगानुसार लावल्या, तर किंमत सगळ्यात कमी घसरते ती पिवळ्या गाड्यांची! पिवळ्यांत स्पोर्ट्स गाड्या जास्त असतात हे खरं, आणि मुळात बनतातच कमी, त्यामुळे ज्याला हवी तो मोजून देतो. पण पांढरी त्या यादीत कुठे? सरासरीच्या आसपास. आणि तळाला सोनेरी-तपकिरी. म्हणजे ज्या भीतीपोटी जगाने रंग सोडले ती बहुतेक रंगांच्या बाबतीत फुकाचीच.

रंग नव्हते म्हणून काळं, असं पूर्वी एकदा झालं होतं. फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ अशी चालली, दीड कोटींच्या वर बनली, आणि ती फक्त काळी मिळायची असं सगळे सांगतात. पण सुरुवातीला ती लाल, हिरवी, निळी, करडी अशी मिळायची. फक्त काळ्याचा हट्ट १९१४ नंतरचा, उत्पादनाच्या घाईतला. १९२३ मध्ये ड्यूपाँ या अमेरिकी रसायन कंपनीचा ड्यूको रंग लावलेली ओकलंड गाडी आली, निळी! रंग वाळायला आठवडे लागायचे ते काही तासांवर आलं. मग पन्नाशीच्या दशकात छत एका रंगाचं, अंग दुसऱ्या रंगाचं, अशी मौज झाली. आता तर यंत्रमानव पाहिजे तो रंग पाहिजे तसा मारून देतात, आणि आपण मागतो काय? पुट्टी.

फियाटने २०२३ च्या जूनमध्ये जाहीर केलं की करड्या गाड्या बनवणार नाही. त्यांचे प्रमुख ओलिव्हिये फ्रांस्वा फियाट ६०० मध्ये बसले आणि गाडीसकट केशरी रंगाच्या हौदात बुडवले गेले. जाहिरातच ती, मला कळतं. बंदीही फक्त करड्यावर. तरी मी तो व्हिडिओ दोनदा बघितला.

माझी गाडी हिरवी आहे. गडद नाही, चांगली कैरीसारखी. शोरूममध्ये महिनाभर थांबावं लागलं. घेतल्यावर एका ओळखीच्या गृहस्थांनी "लेडीज कलर आहे" म्हणून मान हलवली. (तोच रंग रेसच्या गाडीवर असला की त्याला काय म्हणतात ते त्यांना विचारायचं राहिलं.) दुसऱ्यांनी अर्थातच विचारलं, विकताना काय करशील? विकताना विकेन की! पिवळी मिळत असती तर पिवळीच घेतली असती, आता तर किमतीचंही कारण सापडलंय. पुढच्या वेळी तीच बघणार आहे, आणि पुट्टीचा रंग "ट्रेंडिंग आहे मॅडम" असं जो सांगेल त्याला मी आधी पावसात त्या गाडीच्या मागे वीस किलोमीटर घेऊन जाणार आहे.