मुलगी बरी झाली, मग फाईल का लपवता?

लहानपणी कॅन्सर होऊन बऱ्या झालेल्या मुली आपल्या नाशिक जिल्ह्यात सगळीकडे आहेत. सिडकोत, निफाडला, सुरगाण्याच्या पाड्यांवरही. त्या कळत नाहीत, कारण घरचे सांगत नाहीत. मुलगा बरा झाला की "वाघ आहे आमचा" म्हणून चारचौघांत सांगतात. मुलगी असली की "कुणाला बोलू नका, उद्या स्थळं यायची आहेत." पोर अजून पहिलीत असते!

ही लपवालपवी पुढे तिच्या जिवावर बेतू शकते, म्हणून स्पष्ट लिहितोय.

लहान मुलांत सर्वांत जास्त आढळतो तो रक्ताचा कॅन्सर. त्यातला नेहमीचा प्रकार म्हणजे एएलएल (अक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया), उपचार साधारण दोन ते अडीच वर्षांचे. त्यात जे लाल रंगाचं इंजेक्शन असतं (डॉक्सोरुबिसिन किंवा डॉनोरुबिसिन), त्याचा हृदयाच्या स्नायूवर होणारा परिणाम काही जणींत खूप वर्षांनी दिसतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितक्या वर्षांनी टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) करायचा, आणि दिवस जाण्याआधी व गरोदरपणात आवर्जून करायचा. गरोदरपणात हृदयाला एरवीपेक्षा ३० ते ५० टक्के जास्त रक्त पंप करावं लागतं. सासरी काही सांगितलेलंच नसेल, तर इकोचा विषय काढणार कोण? बाळंतपणाच्या डॉक्टरांना माहीत नाही, नवऱ्याला माहीत नाही, आणि पोरगी भीतीने गप्प.

बऱ्याच मुलींना तर स्वतःलाच माहीत नसतं. "तुझं रक्त कमी झालं होतं" एवढंच सांगून वाढवलेलं असतं. माझं मत असं, की बारा-तेरा वर्षांची झाली की आजाराचं नाव तिला घरच्यांनीच सांगावं. कपाटातल्या कागदांतून कळलं, तर आपल्यात काहीतरी वाईट आहे असंच ती समजते.

उपचार संपताना जाडजूड फाईल मिळते. तेवढ्यावर थांबू नका, एक-दोन पानांचा उपचारांचा सारांश मागा. त्यात आजाराचं पूर्ण नाव, उपचार सुरू झाल्याची आणि संपल्याची तारीख, प्रत्येक औषधाचा एकूण डोस, रेडिएशन कुठे दिलं आणि किती ग्रे (हे रेडिएशनचं माप), ऑपरेशन कोणतं झालं, हे सगळं हवं. लाल इंजेक्शनचा एकूण डोस तर हवाच, इको किती वर्षांनी करायचा ते मुख्यतः त्यावर ठरतं. छातीला रेडिएशन झालं असेल, तर स्तनांची तपासणी तरुणपणीच सुरू करावी लागते. मोबाईलमध्ये फोटो ठेवा आणि एक प्रत मुलीच्या हातात द्या.

शाळेचं सांगतो. घरी कॅन्सरच्या गोळ्या चालू असतानाच बरीच मुलं शाळेत जाऊ लागतात. वर्गशिक्षिकेला सांगायलाच हवं, कारण या गोळ्यांनी प्रतिकारशक्ती कमी झालेली असते; वर्गात कुणाला कांजण्या किंवा गोवर निघाला तर त्याच दिवशी आईला फोन जायला हवा. उशीर झाला तर संरक्षणाचं इंजेक्शन देण्याची वेळ निघून जाऊ शकते. बाईंनी मुलीला विचारून, ती यायच्या आदल्या दिवशी वर्गाला एवढंच सांगावं: "औषधांनी तिचे केस गेलेत, परत येतील. हा आजार डब्यातून, बाटलीतून लागत नाही. मात्र ज्याला सर्दी-ताप असेल त्याने तिच्यापासून लांब बसायचं." मुलं समजून घेतात. त्रास होतो तो गेटवर उभ्या असलेल्या मोठ्यांच्या कुजबुजीचा. आणि तिला वेगळ्या बाकावर बसवू नका, डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर खेळाच्या तासालाही बाहेर ठेवू नका.

आता लग्न. लहानपणी कॅन्सर झालेल्या बहुतेक मुलींना पुढे मूल होऊ शकतं, आणि आईला कॅन्सर होता म्हणून बाळाला होतो असं सहसा नसतं. अपवाद आहेत. ओटीपोटाला रेडिएशन, बोन मॅरो ट्रान्सप्लांट किंवा काही औषधांचे मोठे डोस झाले असतील तर आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. दोन्ही डोळ्यांचा रेटिनोब्लास्टोमा (डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर) झाला असेल, तर तो दोष बाळात उतरण्याची शक्यता निम्मी असते. जनुकीय सल्ला घ्या, बाळाचे डोळे जन्मापासून तपासा. बायोडेटात लिहायची गरज नाही, पण साखरपुड्याआधी सांगायलाच हवं, आणि मुलीने स्वतः सांगितलेलं उत्तम. मामा-आत्यांनी तिच्या शेजारी बसावं. मुलाकडच्यांना डॉक्टरांना भेटायचं असेल तर तिच्या संमतीने भेट घडवून आणावी. ऐकून जे उठून जातील, त्यांना जाऊ द्या.

आपल्यासारख्याच मुली भेटल्या की त्या मोकळ्या होतात. इंडियन कॅन्सर सोसायटीचा 'उगम' हा बऱ्या झालेल्यांचा गट आहे, आणि मुंबईच्या टाटा हॉस्पिटलमध्ये उपचार संपलेल्या मुलांसाठी १९९१पासून वेगळी ओपीडी आहे. तिथल्या तपासणीला पंचवटी एक्सप्रेसने जाताना कॅन्सर रुग्णाला आणि सोबतच्या एकाला तिकिटात ७५ टक्के सवलत असते, उपचार संपल्यानंतरच्या ठरावीक तपासणीलाही. सर्टिफिकेट रेल्वेच्या नमुन्यातच लागतं, पुढची तारीख घेतानाच मागून घ्या.