‘एक मुंबईकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मुंबईच्या महापौरपदावरच्या माझ्या लेखाला ‘एक मुंबईकर’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया एव्हाना बऱ्याच जणांनी वाचली असेल. मुद्दे तीन. मी हा इतिहास १९३१ पासून सुरू केला, हे चूक. महापौर नुसता शोभेचा असतो, सत्ता आयुक्तांची असते, हे मी दडवलं. आणि शेवटी हे वाक्य: ‘लेखकाने १८८८चा कायदा निदान उघडून तरी पाहायचा होता.’ (म्हणजे मुंबई महापालिकेचा कारभार ज्याने चालतो तो कायदा.)

पहिल्याचं उत्तर थोडक्यात. १८७३ मध्ये महापालिकेची पहिली सभा भरली तेव्हापासून तिला अध्यक्ष होता, फिरोजशहा मेहता चार वेळा त्या खुर्चीत बसले, हे मला ठाऊक आहे. १९३१ साली अध्यक्षाचा महापौर झाला आणि बोमन-बेहराम पहिले महापौर ठरले. लेख महापौरांवर होता, शीर्षकातच तसं लिहिलं होतं. मुख्यालयाच्या फोटोखाली इमारत १८९३ची आहे एवढं तरी टाकायला हवं होतं, हे मात्र मान्य.

आता ते वाक्य. मतभेद असू द्या की, कोण नको म्हणतंय? पण समोरच्याने काही वाचलेलंच नाही असं धरून चालायचं आणि वर टोपणनावाआडून शिकवणी घ्यायची, ही कुठली पद्धत? माझे वडील महापालिकेच्या चिटणीस खात्यात नोकरीला होते. सभेच्या कार्यक्रमपत्रिकांच्या रद्दीत निघालेल्या प्रती घरी यायच्या. एका बाजूला ठराव, दुसरी बाजू कोरी. माझी शाळेतली गणितं त्या कोऱ्या बाजूवर झाली. सायक्लोस्टाइलची शाई मागे उमटायची, त्यामुळे भागाकाराच्या मधोमध ‘हरकतीचा मुद्दा’ उलट्या अक्षरांत दिसायचा. आणि तो कायदा! वडिलांची प्रत खिळखिळी झालेली, दोऱ्याने बांधलेली, दुरुस्त्यांच्या पट्ट्या जागोजागी खळीने चिकटवलेल्या. ती आज माझ्या कपाटात आहे. तेव्हा उघडून पाहण्याचा सल्ला दुसऱ्या कुणाला द्या.

तरी तुमच्या समाधानासाठी पुन्हा उघडली. कलम ४. कायदा राबवणारे मूळचे तिघे: महापालिका (म्हणजे सदस्यांचं सभागृह), स्थायी समिती आणि आयुक्त. सभेच्या अध्यक्षाचं त्यात नाव नाही. यावरून तुम्ही म्हणाल, बघा, मी हेच सांगत होतो. थांबा जरा. हे असं का झालं, ते तुमच्या प्रतिक्रियेत कुठे आहे? १८६५च्या कायद्याने आर्थर क्रॉफर्ड आयुक्त झाले, त्यांनी शहरात भराभर कामं काढली आणि खर्च असा वाढवला की करदाते रस्त्यावर यायचे बाकी राहिले. १८७१ साली क्रॉफर्ड गेले आणि १८७२च्या कायद्याने ६४ सदस्यांची महापालिका आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. म्हणजे सगळी धडपड आयुक्ताच्या हातातली थैली आवळण्याची होती. सभागृहाला तर पाच अष्टमांश मतांनी आयुक्तालाच परत पाठवायचा अधिकार मिळाला. महापौर त्या सभागृहाचा अध्यक्ष, समसमान मतं पडली तर निर्णायक मत त्याचं. आयुक्ताशी त्याची तुलना करणं हीच मुळात चुकीची सुरुवात. महापौराला खरी सत्ता देऊन पाहण्याचा प्रयोगही झाला, १९९८ची महापौर परिषद. पुढच्याच वर्षी ती गुंडाळली. हे माझ्या लेखात होतं, पण तिथवर कदाचित आपण पोहोचला नसाल.

शोभेचा म्हणता ना? १९४२ साली या खुर्चीत युसुफ मेहेरअली होते. ‘सायमन, परत जा’ आणि ‘छोडो भारत’ या घोषणांचं श्रेय ज्यांना दिलं जातं तेच. १९५८ साली मीरत कटाच्या खटल्यातले आरोपी, कम्युनिस्ट मिरजकर महापौर झाले. ज्या ब्रिटिश सरकारने त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं, त्याच सरकारच्या काळात हे पद निर्माण झालं होतं! हातात फाइल नसलेल्या माणसाचं म्हणणं शहराने ऐकावं, ही गोष्ट कलमांत सापडत नाही. १९७१ मध्ये हेमचंद्र गुप्ते शिवसेनेचे पहिले महापौर झाले तेव्हा मुंबईचं राजकारण कुठे वळतंय ते ज्यांना कळायचं त्यांना कळलं. शोभेच्या वस्तूवर कब्जा मिळवायला पक्ष इतकी झटापट करत नाहीत.

स्थायी समितीच्या अध्यक्षांवर मी लिहिलं नाही, ही तुमची जाता जाता मारलेली टिचकी. तो वेगळा विषय आहे आणि त्यावर लिहायचं की नाही ते मी ठरवेन. पुढची प्रतिक्रिया स्वतःच्या नावाने द्या, म्हणजे उत्तर कुणाला देतोय हे मला कळेल. आणि हो, ‘बोमन-बेहराम’ हे आडनाव आहे, दोन माणसं नव्हेत. ते तुम्ही तसं लिहिलंय म्हणून सांगितलं.