दूतावासाची गाडी दारात येत नसते

आमच्या गावच्या ग्रुपवर निम्मी माणसं गावात, निम्मी आखातात. गेल्या आठवड्यात तिथे पुन्हा तोच मेसेज फिरला: "परदेशातल्या भारतीयांनो, निर्धास्त राहा. युद्ध होवो की भूकंप, आपला दूतावास घरून उचलून आणतो. तुमची सगळी माहिती सरकारकडे असतेच. खिशातला एक रुपया जात नाही. आणि तिरंगा दाखवला की समोरचा बंदूक खाली करतो." खाली हात जोडलेल्यांची रांग. मी बारा वर्षं दोह्यात आहे. एरवी सोडून दिलं असतं, पण नुकताच इथे आलेला भाचा म्हणाला, "मामा, मग तो दूतावासाचा फॉर्म कशाला भरायचा?"

"घरून उचलून आणतो." सरकारनं माणसं आणली नाहीत असं मी म्हणत नाही. १९९० साली इराकनं कुवेत बळकावलं तेव्हा तिथल्या १ लाख ११ हजारांवर भारतीयांना एअर इंडियानं ४८८ उड्डाणांत आणलं, तो विक्रमच आहे. पण ती विमानं सुटली जॉर्डनमधल्या अम्मानहून. कुवेत ते अम्मान ही वाट माणसांनी बसनं, इराकमधून, पोराबाळांना घेऊन काढली. २०२३ साली सुदानमध्ये लढाई पेटली तेव्हा नौदलाची जहाजं गेली ती पोर्ट सुदानच्या बंदरात; राजधानी खार्टूमहून तिथवर रस्त्यानं ८०० किलोमीटरच्या वर. बसेस निघाल्या हे खरं, पण घरापासून बसपर्यंत जायचं ते ज्याचं त्यानं.

सगळ्यात बोलकी गोष्ट युक्रेनची. २ मार्च २०२२ ला दूतावासानं खारकीवमध्ये शिकणाऱ्या भारतीय मुलांना कळवलं की शहर ताबडतोब सोडा, संध्याकाळी सहाच्या आत जवळच्या तीन गावांपैकी एक गाठा, गाडी मिळाली नाही तर चालत जा. अंतरंही दिली होती: ११, १२ आणि १६ किलोमीटर. थंडीत, गोळाबारी चालू असताना. आदल्याच दिवशी त्या शहरात कर्नाटकातला एक विद्यार्थी वाणसामानाच्या रांगेत उभा असताना मारला गेला होता. आता मागे जा. १५ फेब्रुवारीलाच दूतावासानं सांगितलं होतं की थांबणं गरजेचं नसेल त्यांनी तात्पुरतं देशाबाहेर पडावं. २४ तारखेला हवाई हद्द बंद झाली. मधे नऊ दिवस होते. मुलांना दोष देत नाही. कॉलेजं हजेरी मागत होती, तिकिटं महाग होती आणि घरून "बघू अजून दोन दिवस" हेच ऐकू येत होतं. पण त्या नऊ दिवसांतलं विमान पकडणं ज्याच्या त्याच्याच हातात होतं.

"माहिती सरकारकडे असतेच." कुठली? व्हिसा दिला कतारनं. भारतानं तुम्ही देश सोडल्याची नोंद केली, बस. तुम्ही आज कुठल्या इमारतीत राहता, इथलं सिमकार्ड कोणतं, सोबत कोण आहे, हे दूतावासाला तुम्ही कळवल्याशिवाय कळायचा मार्ग नाही. दूतावासाच्या संकेतस्थळावरचा फॉर्म पाच मिनिटांचा आहे. खोली किंवा नंबर बदलला की तो पुन्हा भरायचा, हे मात्र कुणी करत नाही. मीही दोन वर्षं केलं नव्हतं.

"एक रुपया जात नाही." अर्धं खरं. युक्रेनहून आलेल्यांकडून विमानाचे पैसे घेतले नाहीत. अडल्यानडल्यासाठी दूतावासांकडे २००९ पासून भारतीय समुदाय कल्याण निधीही आहे. पण २०२० साली करोनात अडकलेल्यांना आणणाऱ्या 'वंदे भारत' विमानांची तिकिटं प्रवाशांनी स्वतः काढली होती. आणि विमानापर्यंतचा खर्च? खार्टूममध्ये बँकाच बंद पडल्या. कुवेतमध्ये इराकनं कुवेती दिनार रद्द केला, तेव्हा लोकांच्या हातातल्या नोटा रद्दी झाल्या. प्रवास विम्यावर भिस्त असेल तर आधी त्यातलं 'युद्ध' हे कलम वाचा. बहुतेक पॉलिसी तिथेच हात वर करतात.

तिरंग्याचं सांगायचं तर युक्रेनमध्ये गाड्यांवर तो लावायला सांगितलं होतं आणि नाक्यांवर त्याचा उपयोगही झाला. पण नाक्यावरचा माणूस झेंडा बघतो, तोफगोळा बघत नाही.

मेसेजमध्ये नसलेली एक गोष्ट मला जास्त छळते. २३ जून २०२५ च्या संध्याकाळी कतारची हवाई हद्द बंद झाली आणि थोड्या वेळात इथल्या अल उदैद या अमेरिकी फौजांच्या हवाई तळावर इराणची क्षेपणास्त्रं आली. आमच्या गच्चीवरून आकाशात ठिणग्या दिसत होत्या, तावदानं थरथरत होती. दूतावासानं घरातच थांबा म्हणून सांगितलं. आणि आमच्या मजल्यावरच्या सहाजणांपैकी चौघांचे पासपोर्ट कंपनीच्या कपाटात, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर सुट्टीवर! कतारच्या २०१५ च्या कायद्यानुसार पासपोर्ट असा ठेवून घेणं गुन्हा आहे, २५ हजार रियालपर्यंत दंड आहे. तरी आम्ही तो खुशाल देऊन बसतो, "हरवायला नको" म्हणून. पासपोर्ट नसेल तर दूतावास एकेरी प्रवासाचं कागदपत्र देतो, पण तुम्ही भारतीय आहात हे आधी पटवावं लागतं, आणि त्या दिवशी रांगेत तुम्ही एकटे नसता.

तेव्हापासून माझ्या दाराच्या खिळ्याला एक पाठपिशवी लटकलेली असते. पासपोर्ट, कतारच्या ओळखपत्राची प्रत, मुलीचा जन्मदाखला, रक्तदाबाच्या महिन्याभराच्या गोळ्या आणि त्यांची चिठ्ठी, थोडे रियाल, थोडे डॉलर, पॉवर बँक, आणि फोन मेला तर म्हणून कागदावर लिहिलेले सहा नंबर. बायकोनं चिवड्याचा पुडाही कोंबलाय. तो दर महिन्याला संपतो आणि नवा येतो. आफ्रिकेत कामाला असाल तर यलो फीव्हरच्या लशीचं कार्डही त्यात टाका. सुदानहून सुखरूप उतरलेल्या काहींना ते नव्हतं म्हणून भारतातच विलगीकरणात बसवलं होतं.

ग्रुपवर हे सगळं लिहिलं नाही. इतकं लांब तिथे कोण वाचतो. त्या मेसेजखाली एवढंच विचारलं: तुमचा पासपोर्ट आत्ता कुठे आहे? संध्याकाळपर्यंत नऊ उत्तरं आली. पाच जणांनी लिहिलं, "ऑफिसात."