टर्की वाचला, पण त्या मेसेजमध्ये सांगितलाय तसा नाही

तीन वेगवेगळ्या ग्रुपांवरून मला एकच मेसेज आला. त्याचा मथितार्थ असा: अमेरिकेतला रानटर्की (कोंबडीच्या कुळातला मोठा रानपक्षी) संपत आला होता, शिकाऱ्यांनी पदरमोड करून तो वाचवला, म्हणजे शिकार हेच खरं संवर्धन, आणि आपण 1972 साली शिकार बंद केली म्हणून आपला माळढोक पक्षी गेला. मी नऊ वर्षं अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात राहतोय. इथल्या टर्की-शिकाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे, म्हणूनच हा मेसेज जास्त खटकतो. त्यातला एकेक दावा पाहू.

‘शिकाऱ्यांनी टर्की वाचवला.’ पण आधी संपवला कोणी? एकोणिसाव्या शतकात टर्की मारून गाड्याच्या गाड्या बाजारात जायच्या. हंगाम पाळायचा नाही, किती मारायचे याला धरबंद नाही. दुसरीकडे शेतीसाठी आणि लाकडासाठी जंगल सपाट होत होतं. मॅसॅच्युसेट्समधला शेवटचा रानटर्की 1851 साली गेला. 1920 पर्यंत मूळच्या 39 राज्यांपैकी 18 राज्यांत एकही पक्षी उरला नव्हता. हे थांबलं ते कायद्यानं आणि बंदीनं. 1900 च्या लेसी कायद्यानं बेकायदा मारलेला प्राणी दुसऱ्या राज्यात नेऊन विकणं गुन्हा ठरला. मिझुरीनं तर टर्कीची शिकार वीसहून जास्त वर्षं पूर्ण बंद ठेवली. 1960 साली ती पुन्हा सुरू झाली, तीही फक्त 14 काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) आणि तीनच दिवस. त्या वर्षी 94 पक्षी मारले गेले. शिकारबंदीला मूर्खपणा म्हणणारा मेसेज ज्या यशाचे गोडवे गातो, ते यश शिकारबंदीच्याच पायावर उभं आहे.

‘सगळा पैसा शिकाऱ्यांचा.’ इथे मेसेज बराचसा बरोबर आहे, आणि ते मान्य करायलाच हवं. 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार बंदुका आणि काडतुसांवर 10-11 टक्के कर लागतो, तो थेट उत्पादकाकडून वसूल होतो आणि वन्यजीवांच्या कामासाठी राज्यांना वाटला जातो. राज्यानं एक डॉलर घातला की केंद्र तीन डॉलर घालतं. पण या कायद्यातली मला सर्वांत मोलाची वाटते ती एक अट: शिकारीच्या परवान्याची फी राज्यानं दुसऱ्या कामाकडे वळवली, तर केंद्राचा पैसा बंद. एका कामासाठी गोळा केलेला निधी भलतीकडेच कसा जिरतो, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. पैसा कोणी दिला याची टिमकी वाजते, पण तो बांधून कोणी ठेवला हे कुणी सांगत नाही.

शिवाय आज हा कर भरणाऱ्यांतले कितीतरी लोक जंगलात पाऊलही टाकत नाहीत. कुणी नेमबाजीसाठी बंदूक घेतं, कुणी घराच्या राखणीसाठी. आणि मिझुरीत तर 1976 साली मतदारांनीच स्वतःवर अष्टमांश टक्का विक्रीकर लावून घेतला, केवळ वने आणि वन्यजीवांसाठी. शंभर डॉलरच्या खरेदीमागे साडेबारा सेंट. मी पायमोजे घेतले तरी त्यातला वाटा टर्कीला जातो, आणि मी आयुष्यात बंदूक धरलेली नाही.

‘पैसा असला की पक्षी येतात.’ साफ चूक. कित्येक राज्यांनी वर्षानुवर्षं पैसा ओतून फार्मवर पिल्लं वाढवली आणि रानात सोडली. ती टिकली नाहीत. कोल्हा दिसला की काय करायचं, हे शिकवायला त्यांना आईच नव्हती. दिशा बदलली ती 1951 साली, दक्षिण कॅरोलायनात. मक्याचे दाणे टाकायचे, आडोशाला तासन्‌तास बसायचं आणि थवा खायला टेकला की छोट्या तोफांनी त्याच्यावर जाळं उडवायचं. असे पकडलेले अस्सल रानपक्षी खोक्यांत घालून दुसऱ्या राज्यात नेऊन सोडले. मॅसॅच्युसेट्समध्ये 1972-73 ला न्यूयॉर्कहून अवघे 37 पक्षी आणले. आज तिथे ते हजारोंनी आहेत. 1973 साली शिकाऱ्यांची नॅशनल वाइल्ड टर्की फेडरेशन स्थापन झाली, तेव्हा देशात सुमारे 13 लाख टर्की होते; आता 60 लाखांच्या आसपास आहेत. गावोगावी जेवणावळी घालून, वस्तूंचे लिलाव करून या माणसांनी पैसा उभा केला. त्याचं श्रेय त्यांचंच.

‘परंपरा म्हणजे मारणं.’ एप्रिलमध्ये एकदा शेजारच्या आजोबांबरोबर मी गेलो होतो. पहाटे साडेपाचला ओकच्या बुंध्याला पाठ लावून बसलो. त्यांनी पाटीच्या तुकड्यावर लाकडी काडी घासली, हुबेहूब मादीचा आवाज. लांबून नर गुरगुरला. चाळीस मिनिटं आम्ही हललो नाही. नर दिसला, पण टप्प्यात आला नाही. आजोबा उठले, गुडघे चोळले आणि म्हणाले, आज त्याचा दिवस. वसंतातल्या या शिकारीत निशाण्यावर नरच असतो, कारण अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं मादीकडे. इथे हंगामभरात एका माणसाला दोनच पक्षी. अलीकडे दक्षिणेत टर्की घटू लागलेत, तर टेनेसीनं हंगाम पुढे ढकलून मर्यादाही कमी केली.

उरला माळढोक. टर्कीची मादी एका खेपेला दहा-बारा अंडी घालते, माळढोकाची बहुधा एकच. त्यातला एक पक्षी मारून हिशेब जुळत नाही. सोलापूरजवळच्या नान्नजचा माळढोक बंदीनं गेला नाही. माळ नांगरले गेले, आणि जिथे तो उरलाय त्या जैसलमेरकडे तो विजेच्या तारांवर आपटून मरतोय. जड पक्षी, समोरचं नीट दिसत नाही, ऐन वेळी वळता येत नाही. निधी हवाय तो तारा जमिनीखाली घालायला आणि गवताळ माळ राखायला.

आणि शिकारीची परंपरा जपायचीच असेल, तर तितराची साद घालून तितर बोलावणारे फासेपारधी आपल्याकडे आहेत. इंग्रजांनी त्यांना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, माळावरची त्यांची जाण कुणी विचारली नाही. अकोला-वाशिमकडे त्यांच्यातल्या काहींनी गवताचे माळ राखायला घेतलेत. तिथे तणमोर, माळढोकाच्याच कुळातला छोटा पक्षी, दिसतो.