राजीनाम्याआधी एक अख्खा हंगाम

पक्की नोकरी सोडून प्रोग्रामिंगकडे वळावं का, असं एका लेखात एका तलाठी भाऊंनी विचारलंय. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यातूनच या क्षेत्रात आलो, म्हणून कळकळीनं लिहितो.

भाऊ, राजीनामा एवढ्यात देऊ नका. शिकायला नोकरी सोडावी लागत नाही. हार्वर्डचा सीएस५० हा संगणकशास्त्राचा सुरुवातीचा ऑनलाइन कोर्स फुकट आहे, एनपीटीईएल या सरकारी ऑनलाइन शिक्षण मंचावरचे आयआयटीचे कोर्सही फुकट (प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी). 'नोकरीची हमी' देणाऱ्या क्लासमध्ये लाखभर रुपये ओतू नका. २०२२ नंतर आयटी कंपन्यांतली नवख्यांची भरती बरीच आटली आहे, ती हमी कोण पाळणार?

त्यापेक्षा गावातल्या कृषी केंद्रासाठी उधारीचा हिशेब ठेवणारा छोटा प्रोग्राम पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहा आणि दुकानदाराला अख्खा खरीप वापरू द्या. जूनमध्ये बियाणं-खत उधार, वसुली कापूस निघाल्यावर, तीही अर्धीमुर्धी, वर एकाच नावाचे चार कास्तकार. खरी गुंतागुंत तिथं कळते. त्याच्या तक्रारी ऐकून रात्री चूक शोधत बसणं तुम्हाला मनापासून आवडलं, तर या कामात तुम्ही टिकाल. तो प्रोग्राम मुलाखतीतही दाखवता येईल.

पैसे घेऊन बाहेरची कामं मात्र परवानगीशिवाय करू नका, राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठीचे १९७९चे वर्तणूक नियम तुम्हाला लागू होतात.

आणि घरी कोरडवाहू वावर असेल, तर वर्षभराचा खर्च अन् पीककर्जाची रक्कम बाजूला पडेपर्यंत पगार सोडू नका. वयाची चिंता करू नका, तिशीनंतर आलेले कितीतरी जण माझ्यासोबत काम करतात.